इंदूरहून फ्रीलान्स टेक पत्रकारिता: फेब्रुवारीत स्वखर्चाने दिल्लीला जावं का?

लोकमान्यनगरची

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आगापीछा सांगितल्याशिवाय कुणी धड सल्ला देणार नाही, म्हणून जरा सहन करा.

चार वर्षं झाली, मी फ्रीलान्स तंत्रज्ञान पत्रकार आहे. त्याआधी इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. आता एका मराठी मासिकात सदर, एका हिंदी पोर्टलसाठी आठवड्याला दोन-तीन बातम्या आणि एका इंग्रजी साइटला अधूनमधून मोठा लेख, असं चालतं. घर लोकमान्यनगरात. ऑफिस म्हणजे आईच्या देवघराशेजारचं टेबल, कारण इन्व्हर्टरवरचा प्लग तेवढा एकच. बॅटरीची चाचणी चालू असली की दोन-तीन फोन देवासमोर रांगेत उभे असतात. सगळ्यांवर एकच व्हिडिओ लूपवर, आवाज बंद, ब्राइटनेस मीटरने मोजून सारखा केलेला. आई निरांजन लावायला आली की म्हणते, "तुझे देव जरा सरकव." ऑटो ब्राइटनेस बंद करायला विसरलं तर त्या निरांजनाच्या उजेडाने आकडा हलतो. खरंच हलतो. एकदा अख्खी चाचणी पुन्हा करावी लागली.

आठवडा कसा जातो म्हणाल, तर सोमवार संपादकांना विषय सुचवणाऱ्या मेलांमध्ये जातो. पाच पाठवले की एकाचं उत्तर येतं, आणि ते बहुधा "पुढच्या महिन्यात बघू" असतं. शुक्रवारी बिलं आणि बिलांच्या आठवणी. मधले दिवस लिहिण्याचे, असं म्हणायची पद्धत आहे.

नुकतंच लास वेगासचं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन झालं, ६ ते ९ जानेवारी २०२६. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, त्यामुळे चार रात्री मी घुबड. प्रेसनोटांचा नुसता पाऊस, आणि जिथे तिथे एआय. त्यातून हिंदी पोर्टलसाठी सहा बातम्या केल्या. एकाही बातमीवर वाचकांनी चकार शब्द काढला नाही. न पाहिलेल्या वस्तूंबद्दल न पाहिलेल्या गावातून लिहिलेलं, त्यांनी तरी काय बोलावं?

नंतरच्या बुधवारी आरएनटी मार्गावरच्या कॉम्प्युटर मार्केटात गेले. पत्रकारिता करायला नाही, मैत्रिणीच्या मुलाला पीसी जुळवून द्यायचा होता. दुकानदाराने कोटेशन लिहायला घेतलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएसडी, कॅबिनेट, सगळे आकडे पेनाने. रॅमपाशी आल्यावर त्याने पेन ठेवलं आणि कानामागची पेन्सिल काढली. मी विचारलं, हे काय? "मॅडम, ये शाम तक का है. कल आओगे तो कल का बताऊंगा." त्याच्या मागे भिंतीवर छापील दरपत्रक होतं, त्यातल्या रॅमच्या ओळीवर चिकटपट्टी मारलेली. भाव दिवाळीआधीच्या दुपटीच्याही वर गेला होता.

तिथे उभ्या-उभ्याच सदर सुचलं. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिपा, तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरांना एचबीएम नावाची मेमरी लागते, चिपांचे थर एकावर एक रचलेली. तेवढ्याच जीबीसाठी ती आपल्या पीसीतल्या साध्या डीडीआर५ रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते, आणि पैसेही जास्त देते. कारखाने काही महिन्याभरात वाढत नाहीत. म्हणजे डेटा सेंटरवाल्यांची पंगत आधी बसते, आपण उष्टी काढेपर्यंत उभे. मायक्रॉनने तर डिसेंबरात जाहीरच केलं की क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद, माल फेब्रुवारीपर्यंतच.

या लेखावरची पत्रं अजून संपलेली नाहीत. इंदूरजवळच्या महूचे एक गृहस्थ एमपी ऑनलाइनचं कियोस्क, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणारं केंद्र, चालवतात. त्यांची तीन मशिनं विंडोज १० वर आहेत. तिचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा हवा. यांचे सहाव्या पिढीचे. "दिवाळीत भाव उतरतील म्हणून थांबलो," असं त्यांनी लिहिलंय. मला ते वाचून कसंसंच झालं, कारण "थांबा, दिवाळीत सेल असतात" हे मीच ऑगस्टमध्ये छापून मोकळी झाले होते.

एक घोळही सांगून टाकते, म्हणजे मी किती पाण्यात आहे ते कळेल. नोव्हेंबरात एका फोनचा रिव्ह्यू होता. एम्बार्गो, म्हणजे त्याआधी छापायचं नाही अशी ठरलेली वेळ, अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी नऊचा. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. पण २ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं तासभर मागे गेली होती, म्हणजे साडेदहा. माझा रिव्ह्यू तासभर आधी जगजाहीर. तेव्हापासून त्या कंपनीकडून रिव्ह्यूसाठी फोन येणं बंद. चूक माझीच, तक्रार नाही.

तक्रार आहे ती पैशांची. इंग्रजी साइटकडे दोन लेखांचं बिल ऑक्टोबरपासून अडकलंय. "अकाउंट्सकडे पाठवलं आहे," एवढंच उत्तर येतं.

आता प्रश्न. १६ ते २० फेब्रुवारीला दिल्लीत भारत मंडपममध्ये एआय इम्पॅक्ट समिट आहे. सगळे म्हणतात, जायलाच हवं, तोंडओळख होते. माळवा एक्स्प्रेसचं तिकीट काढून ठेवलंय, पण लेख कुणीही मागितलेला नाही आणि पाच दिवस राहायचा खर्च माझा. इकडे महूच्या कियोस्कवर जाऊन करायचा लेख पडून आहे. शिवाय २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मासिकाला आपल्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ वर लेख हवाय. २.५ जीईव्हीचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात पळवून प्रखर क्ष-किरण मिळवणारं यंत्र, परीघ सुमारे १७२ मीटर, आपल्या गावात आहे आणि आपल्यातल्या निम्म्यांना पत्ता नाही. परवानगीसाठी पत्र दिलंय. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

नाना लष्करवाले

ताई, दिल्लीचं इतर लोक सांगतील. मी बँकेतून निवृत्त, राहणार ग्वाल्हेर, त्यामुळे माझी नजर बिलावर गेली.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आज संध्याकाळच्या आत करून टाका. आधार आणि पॅन लागतं, फी नाही. स्वतंत्र लेखन ही सेवाच आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाचं देणं, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत द्यावं लागतं. करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. नाही दिलं तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज.

पण एक मेख आहे. नोंदणीच्या आधी दिलेल्या कामाला हे लागू होत नाही. म्हणजे ऑक्टोबरचं बिल तुम्हाला मेलवर मेल टाकूनच वसूल करावं लागणार. पुढच्या प्रत्येक बिलावर मात्र उद्यम क्रमांक ठळक छापा. आमच्या एका पुतण्याने, तो भाषांतरं करतो, नुसता क्रमांक छापायला सुरुवात केली आणि एका कंपनीचे पैसे तिसाव्या दिवशी आले. का, तर सूक्ष्म-लघु उद्योगांना वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करासाठी वजा धरता येत नाही, आणि त्यांच्या सीएला ते ठाऊक असतं. लेखकाला घाबरत नाहीत हो, सीएला घाबरतात.

आणि आयकर खात्याच्या साइटवर २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर भरलेल्या कराचा उतारा, उघडून बघा. तुमचा टीडीएस त्यांनी कापून भरलेला दिसला, तर "बिल मिळालंच नाही" असं त्यांना म्हणता येणार नाही.

जेल रोडचा भिया

ताई, पेन्सिलीचं शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडे तर मी आकडा लिहीतच नाही, तोंडी सांगतो.

माझं रिपेअरिंगचं दुकान. तुमच्या लेखात एक गोष्ट सुटली: जुना माल. डीडीआर४ च्या स्टिका माझ्याकडे वर्षभर डब्यात पडून होत्या, पोरं त्यांच्या किचेन करायची. आता तोच डबा मी कुलपात ठेवतो. गिऱ्हाईक लॅपटॉप देताना झाकण उघडायला लावून रॅमच्या लेबलचा फोटो काढून घेतं. आधी राग यायचा, आता मीच म्हणतो काढा, दोघांचंही भलं.

परवाची गंमत. एक मुलगा ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून रॅम घेऊन आला. बोर्ड डीडीआर५चा, रॅम डीडीआर४. दोन्हींना पिना २८८च, म्हणून त्याला वाटलं चालेल. पण मधली खाच वेगळ्या जागी असते. पठ्ठ्या अंगठ्याने दाबून बसवत होता, "थोडी टाइट है भिया" म्हणत! मी हात धरला म्हणून बोर्ड वाचला. हे लिहा, लोकांचे पैसे वाचतील. आणि हेही लिहा की जुनी स्टिक घेताना लेबलवर जाऊ नका, दुकानातच मशिनला लावून सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये एसपीडीचा टॅब उघडून बघा, तिथे रॅमची खरी माहिती दिसते. लेबल कुणीही चिकटवतं.

दिल्लीला जाऊन काय बघणार? एआय सगळ्यांच्या खिशात आहे. रॅम कुणाकडे नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानात येऊन दोन तास बसा, मग सराफ्यात गराडू खाऊ.

पुणेरी पिच

मी दहा वर्षं हेच करतोय. सरळ सांगतो: पाच दिवस अजिबात नको. मोठी भाषणं तशीही थेट प्रक्षेपणात दिसतात, ती ऐकायला हॉटेलचं भाडं कशाला? जायचं ते दोन दिवस, आणि तेही जाण्याआधी निदान एक लेख कुणाकडून तरी लेखी मागवून घेऊन. "मी समिटला जातेय, काही हवंय का?" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "डेटा सेंटरच्या भुकेमुळे महूच्या कियोस्कवाल्याचं मशिन अडलंय, समिटमध्ये मेमरी आणि सर्व्हरवाल्यांना याच माणसाचा प्रश्न विचारते," असं लिहून पाठवा. तुमच्याकडे कियोस्कवाला आहे. दिल्लीतल्या पत्रकारांकडे तो नाही.

म्हणजे महू आधी. समिट नंतर. उलटं केलंत तर पिचमध्ये, म्हणजे संपादकाला विषय सुचवणाऱ्या मेलमध्ये, लिहायला काहीच उरणार नाही.

एम्बार्गोबद्दल: माझंही तसंच झालंय, आणि नोव्हेंबरात नाही तर मार्चमध्ये. यंदा अमेरिकेत घड्याळं ८ मार्चला पुढे जातील, युरोपात २९ मार्चला. मधले तीन आठवडे सगळे गोंधळतात. बार्सिलोनाचं एमडब्ल्यूसी हे मोबाइलचं प्रदर्शन २ ते ५ मार्चला आहे, त्यापाठोपाठ रिव्ह्यूंची रांग लागते. मी कंपनीच्या पीआरवाल्याला (प्रसिद्धी बघणाऱ्याला) उलट मेल करतो: "भारतीय वेळेनुसार इतके वाजता, बरोबर?" आणि त्याचं "हो" येईपर्यंत संपादकाला वेळ कळवत नाही.

शंकेखोर

एवढं सगळं करून महिन्याला सुटतं किती? ते कुणीच लिहीत नाही.

लोकमान्यनगरची

@शंकेखोर, दिवाळीच्या महिन्यात जुन्या पगाराएवढं, डिसेंबरात त्याच्या निम्मंही नाही. घर स्वतःचं आहे आणि आईची पेन्शन आहे, म्हणून हे चाललंय. भाड्याच्या घरात मला जमलं नसतं.

नानाकाका, काल रात्रीच उद्यम नोंदणी केली. २६एएस पण बघितलं. टीडीएस डिसेंबरातच भरलाय त्यांनी! त्याचा स्क्रीनशॉट जोडून मेल टाकला, आणि पहिल्यांदाच अकाउंट्समधल्या माणसाचा थेट फोन आला. पैसे अजून आले नाहीत, पण आता बोलायला माणूस आहे.

पुणेरी दादा, पटलं. महूला येत्या मंगळवारी जातेय, कियोस्कवाल्यांनी सकाळी दहाच्या आत या म्हणून सांगितलंय, नंतर शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गर्दी असते. तुम्ही सांगितल्यासारखं पिच तीन ठिकाणी पाठवलं. हिंदी पोर्टलने घेतलं, पैसे थोडे आहेत पण लेखी आहे. माळवाचं तिकीट रद्द करून दोनच दिवसांच्या हिशोबाने नवं काढलं, वेटिंग २३ आहे. आरआरकॅटचं उत्तर अजून यायचंय.

भिया, शनिवारी सहाला येते. दुकानाचा पत्ता इथे नको, निरोपात टाका. आणि त्या डीडीआर४वाल्या मुलाला बोलावता आलं तर बघा, नाव छापणार नाही म्हणावं. फक्त ती खाच कुठे अडली ते त्याच्याच अंगठ्याने दाखवायला लावीन, फोटोसाठी.