चित्रकलेच्या वहीत मुलगे मागे का दिसतात?

खडूवाल्या बाई
बालवाडी ते दुसरीच्या वर्गांना चित्रकला शिकवते. माझं म्हणणं एवढंच आहे की पाच-सहा वर्षांच्या मुलग्यांची चित्रं आपण मुलींच्या चित्रांच्या मापाने तपासतो आणि मग मुलग्यांना गचाळ ठरवतो.

वर्गात साधारण असं दिसतं. मुलींच्या कागदावर माणसं, घर, फुलपाखरू, डोळे आणि हसू असलेला सूर्य. सगळे खालच्या कडेवर ओळीने उभे, रंग रेषेच्या आत. मुलग्याच्या कागदावर एक ट्रक, मागे धूर, मग टक्कर, मग सगळ्यावर काळा खडू गरागरा. त्या काळ्या गिचमिडीत अख्खी गोष्ट असते, विचारलंत तर पोरगं सांगत बसतं. पण वहीवर शेरा काय? ‘नीट रंगव.’ ‘स्वच्छता नाही.’

हे फक्त माझ्याच वर्गातलं नाही. अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये ‘माणूस काढ’ ही चाचणी आणली. चित्रातल्या माणसाला मान आहे का, बोटं आहेत का, हात नेमके कुठून निघालेत, असे तपशील त्यात मोजतात. त्यात मुली थोड्या पुढे निघाल्या. १९६३ मध्ये डेल हॅरिस यांनी चाचणी सुधारली तेव्हा मुलगे आणि मुली यांची गुण ताडायची कोष्टकंच वेगळी केली. आपल्या प्रगतिपुस्तकापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. या वयात बोटांचं बारीक काम मुलींना जरा लवकर जमतं, लांब फेकण्यात मुलगे पुढे असतात. फेकण्याला आपण मार्क देत नाही, रेषेत रंगवण्याला देतो.

मतं येऊ द्यात. ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ एवढं सोडून.

दोन_मुलींचा_बाप
बाई, असहमत. मुलींच्या बोटांत हे काम आलं कुठून? चार वर्षांच्या नातीला आजी दारात ठिपके मांडायला बसवते. भोंडल्याला पाटावर हत्ती काढायचा असतो. ताईची मेंदी बघून हिची वही कोयऱ्यांनी भरते. त्याच दिवाळीत भाऊ कोपरापर्यंत मातीत हात घालून किल्ला करत असतो. इतकी वर्षं दोघांकडून वेगवेगळा सराव करून घ्यायचा आणि शाळेत आल्यावर म्हणायचं, बघा, मुलींचा हात जात्याच नाजूक!

वारली चित्रं घ्या. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं विधीचं चित्र, लिहायचं काम परंपरेने सवाशिणींचं. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती कला विधीबाहेर काढून कागदावर नेली, आणि नंतर किती पुरुष वारली चित्रकार झाले ते मोजा. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुणाला वाटलं का, की बारीक काम पुरुषाला जमत नाही?

तिसरा_बाक
किल्ल्याचा मुद्दा आवडला. (आमच्याकडे किल्ला बहीण करायची, मी फक्त मावळे मांडायचो.) पण सगळं सरावावर ढकलता येत नाही. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांची मुक्त चित्रं तपासली. मुलग्यांकडे वाहनं, थंड रंग, वरून पाहिल्यासारखी मांडणी. मुलींकडे माणसं, फुलं, फुलपाखरं, उबदार रंग, सगळं जमिनीवर ओळीत. म्हणजे बाईंचाच वर्ग. खरी गंमत पुढे आहे. काही मुलींना अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा) जन्मजात विकार असतो, त्यात गर्भातच पुरुषी संप्रेरकं (हार्मोन्स) जास्त मिळतात. त्या मुलींची चित्रं मुलग्यांच्या चित्रांकडे झुकलेली निघाली. आता यांना मातीत कुणी खेळवलं होतं?

दोन_मुलींचा_बाप
त्याच जपानमध्ये वर्षानुवर्षं शाळेचं दप्तर मुलींना लाल आणि मुलग्यांना काळं असायचं, ते रंगांच्या हिशेबात धरलं का? शिवाय विकार असलेल्या मुली मोजक्याच. निदान आईबापांना माहीत, दवाखान्याच्या फेऱ्या चालू. अशा घरात मुलीला बाकीच्या मुलींसारखंच वाढवलं, हे कशावरून?

तिसरा_बाक
कशावरून नाही. पण वाढवण्यात फरक होता, हे तरी कशावरून?

आगाऊ_कार्टा
माकडांचं विसरलात. २००२चा अभ्यास. व्हर्वेट जातीचे नर गाडी आणि चेंडूपाशी जास्त रमले, माद्या बाहुली आणि स्वयंपाकाच्या भांड्यापाशी.

दोन_मुलींचा_बाप
भांड्यापाशी! माकडीण त्यात काय शिजवणार होती, तेही लिहा.

वऱ्हाडी_वाचक
मंडळी, चित्र कसं काढतात यावर एवढं चाललंय, पण चित्रात काय येतं ते पाहा. डेव्हिड चेंबर्स नावाच्या अभ्यासकाने ४,८०७ मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं आणि निष्कर्ष १९८३ मध्ये छापले. स्त्री शास्त्रज्ञ किती? २८. आणि त्या अठ्ठावीसही मुलींनीच काढलेल्या. एकाही मुलग्याने नाही. पुढे अमेरिकेतले असे बरेच अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये पाहिलं, तर १९८५ नंतरच्या चित्रांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर गेलेलं. एवढ्या काळात मुलांचे मेंदू काही बदलले नाहीत, त्यांना दिसणारी माणसं बदलली. आपल्याकडे बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले, तेव्हा लोक हसले होते. मला ते चित्र मोलाचं वाटलं.

दुसरं असं की सहाव्या वर्षी मुली पुढे, मग मोठेपणी गॅलरीच्या भिंतीवर नावं कुणाची? जे. जे. स्कूल १८५७ची. अंबिका धुरंधर तिथून पदविका घेऊन बाहेर पडल्या १९३१ मध्ये, आणि तेव्हाही हे शिक्षण घेणारी बाई म्हणजे अपवाद. त्यांच्या घरी तर एम. व्ही. धुरंधरांसारखा चित्रकार बाप होता. बाकीच्या पोरींचा सुबक हात रांगोळीत आणि रुखवतात जिरला. त्यामुळे मुलग्यांवर अन्याय होतोय हे ऐकताना मला जरा हसूच आलं, बाई.

हात_बोटं_पेन्सिल
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना हाताबोटांची रोजची कामं जमत नसतील तर त्यावर उपचार करते. मला काळजी वेगळीच आहे. ‘मुलगा आहे हो, मुलगे उशिराच करतात’ हे वाक्य पालकांकडून सतत ऐकते. बघून काढताना तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाचच्या पुढे त्रिकोण, हा क्रम दोघांनाही तोच. सरासरीत फरक आहे, पण तो लहान आहे. कुठल्याही वर्गात दोन मुलग्यांमधली तफावत त्याहून मोठी सापडेल. पाच वर्षांच्या मुलाला गोल बंद करता येत नसेल, तर ‘मुलगा आहे’ हे त्याचं उत्तर नाही. त्याला दाखवून घ्या. बाईंचं वेगळं माप पालकांच्या हाती पडलं, तर आणखी वर्षभर थांबायला निमित्त मिळेल.

आणि मुलींचं उलट होतं. गप्प बसणारी, रोज तेच घर तेच फूल तशाच सुबक रेषेत काढणारी मुलगी असते. वही सुंदर, म्हणून तिला काही अडचण असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. सगळे फक्त शाबासकी देतात.

खडूवाल्या बाई
ताई, निदानाचं माप तुमचं, त्याला मी हात लावत नाही. वहीवरचा शेरा मात्र माझा आहे. पहिलीतल्या पोराची वही तीनदा परत दिली की दुसरीत तो ट्रक काढणंच सोडतो आणि फळ्यावरचं फूल बघून उतरवतो, कारण फुलाला ‘छान’ मिळतं. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेला आमच्या शाळेतून कोण बसतं? बहुतेक मुली. वऱ्हाडी दादा, बायकांवर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य, पण त्याची भरपाई सहा वर्षांच्या पोराकडून कशाला? आणि बाबा, सराव हेच कारण असेल तर ते माझ्याच बाजूचं आहे. ज्याला सराव मिळालाच नाही, त्याला ‘गचाळ’ म्हणून काय शिकवणार?

दोन_मुलींचा_बाप
मग मुलगा-मुलगी कशाला मध्ये आणता? सरळ म्हणा की रेषेत रंगवण्याचे मार्क बंद. माझी धाकटी ट्रॅक्टर काढते, धुरासकट. तिला ‘मुलीसारखं काढ’ असं लिहून आलेलं आहे. तुमच्या दोन कोष्टकांत ती कुठे बसणार?

तिसरा_बाक
याला +१. फरक खरा आहे असं मला अजूनही वाटतं, पण शेऱ्याला त्याची गरज नाही.

हात_बोटं_पेन्सिल
मार्कांच्या जागी पानामागे तारीख टाका आणि पोराने सांगितलेली गोष्ट दोन ओळींत लिहा. सहा महिन्यांनी चाळलं की मूल पुढे सरकलंय की अडकलंय, ते शिक्षकाला दिसतं, मलाही दिसतं.

खडूवाल्या बाई
पंचेचाळीस पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात पाच मिनिटं खडू वाटण्यात जातात. तारीख टाकते. गोष्टी लिहायला पालकांनी आळीपाळीने वर्गात यावं. बाबा, पहिलं नाव तुमचं लिहू का?