बी-१०१ च्या घायपाताचा दांडा

सेक्रेटरी: नमस्कार. बी-१०१ च्या बागेतला दांडा पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत आला आहे. रविवारी माळी येऊन राहिला, त्याला कापायला सांगतो. मे मधल्या वादळात कोणाच्या गाडीवर पडायला नको.

बी-१०१: थांबा भाऊ, कापू नका! घायपाताचा फुलोरा आहे तो. २००७ मध्ये लावलेलं झाड आता पहिल्यांदा फुलून राहिलं. आयुष्यात एकदाच फुलतं ते.

ए-३०२: काकू, ती कोरफड नाही का?

बी-१०१: नाही बेटा. कोरफडीच्या पानात गर असतो, याच्यात वाख. काटोलकडे आमच्या आजोळी बांधाला घायपाताचंच कुंपण होतं. आजोबा पानं ठेचून वाख काढायचे, दोर वळायचे. झाड मूळचं मेक्सिकोचं. शंभर वर्षांनी फुलतं म्हणतात, पण तेवढी लागत नाहीत, साधारण दहा ते तीस. इतकी वर्षं पानांत साखर साठवायची आणि मग सगळी त्या एका दांड्यात घालायची. पाडव्याला मधून मुठीएवढा कोंब निघाला. चार दिवसांत हातभर वाढला! खालची पानं येऊन पाहा, आत्ताच सुरकुतली आहेत.

बी-२०१: फुलं झाल्यावर?

बी-१०१: वाळून मरतं. बुडाशी सहा पिल्लं आहेत, ती राहतील.

ए-३०२: एक मला द्याल? नर्सरीतून आणलेलं माझं जुलैत सडलं. रोज पाणी घालत होते हो.

बी-१०१: पाणीच नडलं. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी सोडत नाही. माझं पहिलं झाडही असंच गेलं. ओढलं तर अलगद हातात आलं, बुडाशी नुसता लगदा आणि आंबूस वास. फार वाईट वाटलं होतं. दुसऱ्या वेळी अर्धा मुरूम, रेती, विटांचे तुकडे घालून उंचवटा केला, त्यावर लावलं. पिल्लू तोडलं की चार-पाच दिवस सावलीत ठेवायचं, चीर वाळली की मगच लावायचं. कुंडीला उन्हाळ्यातसुद्धा आठ-दहा दिवसांनी पाणी पुरे, पावसाळ्यात छपराखाली ठेवायची. आपलं ४५ डिग्रीचं ऊन सोसतं ते. पानांची छिद्रं रात्री उघडतात, दिवसा मिटलेली असतात, म्हणून पाणी उडत नाही.

ए-३०२: पण काटे? पोट्टे तिथंच क्रिकेट खेळतात.

बी-१०१: खरं आहे, जपायलाच पाहिजे. मी प्रत्येक पानाचं टोक कात्रीनं उडवते, आज पुन्हा पाहून घेते. आणि रस अंगाला लागू देऊ नको. एकदा हातमोजे न घालता पानं छाटली, तर मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ आलं, आठवडाभर खाज. तुझी मुलगी लहान आहे, तू बिनकाट्याची जात घे. पानं मऊ असतात, फक्त दुपारची सावली लागते.

सेक्रेटरी: काकू, एवढं माहीत नव्हतं. माळ्याला नाही सांगत. पण वादळाचं काय?

बी-२०१: माझ्याकडे बोअरचा जुना लोखंडी पाइप आहे. तो शेजारी गाडू, दांडा दोन ठिकाणी सुतळीनं बांधू. वरून माझ्या ग्रिललाही एक दोरी.

बी-१०१: बांधा, पण सैल. अजून बराच उंच जाणार आहे तो, दुमजली घराएवढासुद्धा होतो. मग वरच्या भागात फांद्या फुटतील, पिवळे झुपके येतील, खालच्या फांदीपासून वर उमलत जातील.

सेक्रेटरी: ठीक. खालच्या दोन गाड्या जूनपर्यंत गेटजवळ लावू. ए-१०२ आणि ए-२०४, चालेल ना?

ए-२०४: चालेल जी.

बी-१०१: पिल्लं दिवाळीच्या सुमारास काढते. ए-३०२, काट्यांचं चालत असेल तर एक तुझं. तोवर मुरूम आणून ठेव.