कॉलेजचं ग्रंथालय गावाला खुलं करायचं आहे: एन-लिस्ट, जुनी पुस्तकं, खर्च

कपाट७: तालुक्याचं खासगी अनुदानित कॉलेज. १९२० ते १९६० मधली शेकडो मराठी पुस्तकं आहेत, पानं हात लावताच तुटतात. स्कॅन करून गावातल्या वाचकांना द्यायची आहेत. एन-लिस्टचे (वर्गणी भरणाऱ्या कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं, नियतकालिकं वाचायला देणारी योजना) लॉगिन बाहेरच्यांना चालतील का? पैशांची सोय कशी लावावी?

दौतटाक: लॉगिन बाहेर देऊ नका. परवाना विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी यांच्यापुरता असतो. पास होऊन गेलेल्यांची नावंही दरवर्षी यादीतून काढा. त्यांचेच पासवर्ड गावभर फिरतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी (संशोधनाची नियतकालिकं एकाच वर्गणीत देशभर देणारी केंद्राची योजना) २०२५ ते २०२७ करता ६,००० कोटी मंजूर झाले, पण ते सरकारी संस्थांसाठी. त्या भरवशावर एन-लिस्टची वर्गणी थांबवू नका, नाहीतर विद्यार्थ्यांचं वाचन त्याच दिवशी बंद पडेल. गावकऱ्यांना शोधगंगा हा पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह दाखवा. तिथले प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात.

जुनीपानं: स्कॅनिंगआधी हक्क (कॉपीराइट) तपासा. पुस्तक कधी छापलं यावर सहसा काही ठरत नाही. लेखक वारला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. १९६५ मध्ये वारलेल्यांचं लेखन १ जानेवारी २०२६ ला मुक्त झालं. १९२५ चं पुस्तक असेल आणि लेखक १९७५ ला वारला असेल, तर २०३५ अखेरपर्यंत थांबावं लागेल. अनुवाद असेल तर अनुवादकाचंही मृत्युवर्ष हवं, आणि नेमकं तेच सापडत नाही. प्रस्तावना, चित्रं यांचे हक्क वेगळे. ज्याचं वर्ष सापडत नाही ते पुस्तक नेटवर चढवू नका, वाचनकक्षात बसून वाचू द्या.

दौतटाक: बरोबर. म्हणून नोंदवहीत मृत्युवर्षाचा रकाना आधी भरा, स्कॅनिंगचं कंत्राट नंतर.

खिळेजुळणी: साधा फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) वापरू नका, पुस्तक उलटं दाबलं की शिवण उसवते. वरून कॅमेरा आणि खाली व्ही आकाराची बैठक असलेला स्कॅनर घ्या. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), जपून ठेवायची मूळ प्रत टिफ फाइलमध्ये, वाचकांसाठी पीडीएफ. साडेपाच बाय साडेआठ इंची पान ग्रेमध्ये सुमारे ४ एमबी, म्हणजे २०० पानांना ८०० एमबीच्या वर. रंगीत केलंत तर तिप्पट. दोन वेगळ्या डिस्क, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. टेसरॅक्टला (स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) मराठी येतं, पण जुन्या छपाईतली जोडाक्षरं हमखास चुकतात. तेव्हा शीर्षक, लेखक, अनुक्रमणिका हातानेच टाइप करा, शोध त्यावरच चालेल. स्कॅन नेटवर मांडायला डीस्पेस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस हा दरवर्षीचा खर्च आहे, तो अंदाजपत्रकात लिहा. माजी विद्यार्थ्यांकडे मागताना ‘डिजिटायझेशनसाठी निधी’ म्हणू नका, एका पुस्तकाचा खर्च सांगा. स्कॅनिंग कंत्राटाने देताना दर पानामागे ठरवा, आणि खराब पान पुन्हा फुकट स्कॅन करून देण्याची अट करारात असू द्या.