मदत हवी आहे: 'कतारने विश्वचषक विकत घेतला' हे वाक्य वादविवाद स्पर्धेत टिकेल का? (शनिवारच्या आत उत्तर हवं)

नमस्कार मंडळी,

माझी भाची नववीत आहे. येत्या शनिवारी इथे नाशिकला आंतरशालेय वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी आहे. विषय असा: 'फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद सर्व सदस्य देशांच्या मतदानाने ठरवणं हाच भ्रष्टाचारावरचा उपाय आहे.' चिठ्ठीत तिला अनुकूल बाजू आली. पाच मिनिटं भाषण, दोन मिनिटं प्रतिवाद.

घरात फुटबॉलवाला मी एकटाच. सातपूरला नोकरी करतो, रविवारी सकाळी सिडकोतल्या मैदानावर पोरांबरोबर खेळतो. म्हणून ताईने भाषणाची वही माझ्या हातात दिली. गेले दहा दिवस रात्री आम्ही दोघं तेच करतोय. सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुने अंकही चाळले. तीन ठिकाणी मात्र अडलोय.

पहिली अडचण शीर्षकातलीच. भाषणाची सुरुवात तिने २ डिसेंबर २०१०, झ्युरिक इथून केली आहे. त्या एका दिवशी फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, कार्यकारी समितीने २०१८ (रशिया) आणि २०२२ (कतार) अशी दोन्ही यजमानपदं ठरवली. समितीत माणसं २४. त्यांतल्या दोघांनी मतासाठी पैसे मागितल्याचं एका इंग्लिश वृत्तपत्राने आधीच गुप्तपणे चित्रित केलं होतं, ते निलंबित झाले आणि उरले २२. म्हणजे आपल्या सोसायटीच्या सभेला येतात त्याहून कमी लोक. पाहणी पथकाने कतारच्या जून-जुलैच्या उन्हाबद्दल लेखी इशारा दिला होता. तरी पहिल्याच फेरीत कतारला ११ मतं, अमेरिकेला ३. शेवटच्या फेरीत १४ विरुद्ध ८. पुढे तो उन्हाचा मुद्दा खराच निघाला आणि स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यावी लागली.

इथपर्यंत सगळं पक्कं आहे. यापुढे तिचं वाक्य येतं: 'कतारने विश्वचषक विकत घेतला.' खाली पुरावे म्हणून दोन गोष्टी लिहिल्यात. एक, २७ मे २०१५ ला पहाटे झ्युरिकच्या हॉटेलमधून झालेली सात फुटबॉल पदाधिकाऱ्यांची अटक. दुसरी, कतारचा फुटबॉल पदाधिकारी मोहम्मद बिन हम्माम याच्या वतीने त्रिनिदादमध्ये वाटलेली ४० हजार डॉलरची पाकिटं. शाळेतल्या बाईंनी वाक्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, 'कोणत्या न्यायालयाने म्हटलं?' भाचीला राग आला. मला वाटतं बाईंचं बरोबर आहे, पण मग लिहायचं काय?

दुसरी अडचण. आमचा सगळा भर '२२ जणांऐवजी सगळ्यांनी मत द्यावं' यावर आहे. पण तसं आता झालंच आहे ना? मग २०३४ सौदी अरेबियाला टाळ्या वाजवून कसं गेलं? प्रतिकूल बाजू हे हमखास काढणार. उत्तर सुचत नाही.

तिसरी अडचण घरातली आहे. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, फिटर आहेत. अंबडमधलं काम सुटलं आणि २०१३ साली ते दोहाला गेले. एजंटने ७० हजार घेतले होते, त्यासाठी ताईच्या पाटल्या गहाण पडल्या. तिथे उतरल्यावर पासपोर्ट ठेवून घेतला, पगार कागदावर ठरला त्यापेक्षा कमी. स्टेडियमवर नव्हते ते, लुसैलमध्ये पाइपलाइनच्या कामावर होते. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर दुपारी साडेअकरा ते तीन बाहेरचं काम बंद ठेवायचा नियम तिथे होता. दाजी म्हणतात, तीनला पुन्हा पाइप धरला की हातमोज्यातूनही चटका बसायचा. २०१६ ला परत आले. आल्यावर कपाटात निळी फाईल ठेवली, त्यात तिथलं ओळखपत्र आणि हेल्मेटवरून सोलून आणलेला नंबरचा स्टिकर. गेल्या आठवड्यात भाचीने ती फाईल काढली आणि पहिल्यांदाच सगळं विचारलं. तोवर तिला एवढंच माहीत होतं की पप्पा बाहेरगावी होते.

आता तिला हे भाषणात घ्यायचंय. शेजारी तिने वाक्य लिहिलंय, 'स्टेडियम बांधताना ६,५०० मजूर मेले.' विषय मतदानाचा आहे, तर यात कामगारांचं येतं का? आणि तो आकडा बरोबर आहे का? दाजी 'माझं नाव नको' एवढंच म्हणाले.

जाणकारांनी कृपया सांगा. मुलगी मनापासून करते आहे, चुकीचं काही तिच्या तोंडी जाऊ नये एवढीच इच्छा.

प्रतिसाद १ – रामकुंड

बाईंना माझा नमस्कार सांगा. वकिली करतो म्हणून आधी शब्दांबद्दल. 'कबूल केलं', 'आरोप आहे' आणि 'सिद्ध झालं' ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. प्रत्येक घटनेपुढे यातलं योग्य ते लावलं की परीक्षक काही करू शकत नाहीत.

तुमचे दोन्ही पुरावे या जागी लागू पडत नाहीत. २०१५ च्या अटका मुख्यतः अमेरिका खंडातल्या स्पर्धांच्या प्रक्षेपण आणि जाहिरात हक्कांसाठी घेतलेल्या लाचेच्या होत्या. आरोपपत्रातली रक्कम १५ कोटी डॉलरहून अधिक. २०१८ आणि २०२२ च्या निवडीबद्दल स्वित्झर्लंडने त्याच दिवशी वेगळी चौकशी सुरू केली, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. आणि ती ४० हजारांची पाकिटं २०११ च्या फिफा अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली, विश्वचषकाच्या मतदानातली नव्हेत.

कतारबद्दल नेमकं म्हणता येतं ते असं: एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी आरोपपत्रात लिहिलं की समितीतले ब्राझीलचे रिकार्डो टेक्सेरा आणि पॅराग्वेचे निकोलस लिओझ यांना कतारला मत देण्यासाठी लाच मिळाली. रशियासाठी मत द्यायला त्रिनिदादच्या जॅक वॉर्नरना ५० लाख डॉलर दिल्याचा आरोपही त्यातच आहे. रशिया आणि कतार दोघांनीही हे नाकारलंय. म्हणून 'आरोप आहे.'

कबुलीच हवी असेल तर कतार सोडा, दक्षिण आफ्रिका घ्या. फिफाच्या कार्यकारी समितीवरचे अमेरिकेचे चक ब्लेझर यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०१० चं यजमानपद दक्षिण आफ्रिकेला देण्याच्या संदर्भात आपण आणि समितीतल्या इतरांनी लाच घ्यायचं मान्य केलं, असं त्यांनी न्यायाधीशांसमोर सांगितलं. जून २०१५ मध्ये तो जबाब खुला झाला. १९९८ च्या विश्वचषकाच्या यजमाननिवडीवेळच्या लाचेचंही त्यात आहे. दक्षिण आफ्रिकेने एक कोटी डॉलर दिल्याचं मान्य केलं, मात्र ते कॅरिबियन भागातल्या फुटबॉलच्या विकासासाठी होते असं त्यांचं म्हणणं. भाचीने हे दुसरं वाक्यही म्हणावं. प्रतिपक्षाने काढण्याआधी आपणच म्हटलेलं बरं.

प्रतिसाद २ – जुना बातमीदार

वरच्यांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

२२ जण हा आकडा तुम्ही धरलात, तो फार जोरकस आहे. आणखी मागे जा. जुलै २००० मध्ये २००६ चं यजमानपद ठरलं तेव्हा जर्मनी १२, दक्षिण आफ्रिका ११. समितीतले न्यूझीलंडचे चार्ली डेम्प्सी शेवटच्या फेरीत मत न देता निघून गेले. त्यांच्या महासंघाने त्यांना दक्षिण आफ्रिकेला मत द्यायला सांगितलं होतं. दिलं असतं तर १२-१२, आणि निर्णायक मत अध्यक्ष सेप ब्लाटर यांचं. एक माणूस उठून गेला आणि विश्वचषकाचा खंड बदलला. श्रोत्यांना हे लगेच कळेल, आरोपपत्रातले डॉलर लक्षात राहत नाहीत.

दुसरं, २०१८ आणि २०२२ च्या निवडीबद्दल फिफाने स्वतः केलेल्या चौकशीचं काय झालं ते घ्या. मायकल गार्सिया या अमेरिकी वकिलांनी दोन वर्षं चौकशी करून २०१४ मध्ये अहवाल दिला. फिफाच्या निवाडा विभागाने त्याचा फक्त ४२ पानांचा सारांश प्रसिद्ध केला आणि फेरमतदानाची गरज नाही असं ठरवलं. हा सारांश दिशाभूल करणारा आहे असं म्हणत गार्सियांनी त्याच डिसेंबरात पद सोडलं. रशियाच्या गटाने तर वापरलेले संगणक भाड्याचे होते, परत केले आणि नंतर ते नष्ट झाले, असं सांगितलं होतं. पूर्ण अहवाल २०१७ मध्ये, तोही फुटल्यावर, फिफाने बाहेर काढला. माझ्या मते लाच सिद्ध झाली की नाही यापेक्षा कागद जवळपास तीन वर्षं दाबून ठेवला, हा मुद्दा शाळेतल्या मुलीच्या तोंडी अधिक शोभेल. त्याला कोणी नाकारू शकत नाही.

ब्लाटर आणि युरोपच्या महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लाटिनी यांची नावं मात्र जपून. फिफाने प्लाटिनींना दिलेल्या २० लाख स्विस फ्रँकच्या प्रकरणात फिफाने दोघांवर बंदी घातली, पण स्विस न्यायालयाने २०२२ मध्ये आणि पुन्हा अपिलात २०२५ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं.

प्रतिसाद ३ – देवळाली एक्सप्रेस

टाळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'मतदान' या शब्दातच आहे.

१३ जून २०१८ ला मॉस्कोत २०२६ च्या यजमानपदासाठी कार्यकारी समितीऐवजी सदस्य देशांनी मतदान केलं. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांना मिळून १३४, मोरोक्कोला ६५. कोणत्या देशाने कोणाला मत दिलं ते जाहीर झालं. दोन पर्याय होते, मत नोंदलं गेलं.

२०३४ ला यातलं काहीच नव्हतं. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी फिफाने २०३० ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन, पोर्तुगाल यांना आणि शताब्दीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वे यांना द्यायचं ठरवलं. खंडांच्या फेरपाळीमुळे एका झटक्यात आफ्रिका, युरोप आणि दक्षिण अमेरिका २०३४ साठी बाद, उत्तर अमेरिका २०२६ मुळे आधीच बाद. राहिले आशिया आणि ओशनिया (न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधली बेटं). त्यांना इच्छा कळवायला मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे चार आठवडेही नाहीत. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाने माघार घेतली आणि सौदी एकटा उरला. ११ डिसेंबर २०२४ ला ऑनलाइन सभेत २०३० आणि २०३४ एकाच ठरावात, टाळ्यांनी मंजूर. नॉर्वेच्या महासंघाने या पद्धतीला पाठिंबा दिला नाही.

तेव्हा भाचीने प्रतिवादात म्हणावं: मतदान म्हणजे किमान दोन पर्याय आणि प्रत्येकाचं नोंदलेलं मत. २०३४ ला मतदान झालंच नाही, म्हणून ते आमच्या बाजूचं उदाहरण आहे, तुमच्या नव्हे.

'हाच उपाय' यातला 'हाच' मात्र अवघड आहे. तिथे जास्त ताणू नका.

प्रतिसाद ४ – ओझरची सून

कामगारांचं विषयात येतं. २०१० च्या निवडीत मानवाधिकार हा निकषच नव्हता. २०२६ च्या निवडीपासून अर्जदारांना त्याबद्दल लेखी द्यावं लागतं. २२ जणांनी कोणाचं ऐकलं नाही, या यादीत कामगार पहिले.

आकडा मात्र बदला. ६,५०० हा भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांच्या कतारमध्ये दहा वर्षांत मेलेल्या नागरिकांचा आहे, सगळ्या कारणांचा आणि सगळ्या कामांवरचा. स्टेडियमच्या कामांवर अपघाताने ३ आणि इतर कारणांनी ३७ मृत्यू, असं आयोजक सांगत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोजन समितीचे प्रमुख हसन अल-थवादी यांनीच मुलाखतीत स्पर्धेशी संबंधित कामांवर ४०० ते ५०० असा अंदाज सांगितला. तोच घ्या, त्यांच्याच तोंडचा आहे.

माझे मोठे दीर दम्मामला होते. दाजींनी नाव नको म्हटलं तर नको. पण पाइपचा चटका राहू द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून वही पुन्हा लिहिली.

'विकत घेतला' काढलं. त्या जागी आता ब्लेझरची कबुली आणि गार्सिया अहवालाची तीन वर्षं आहेत. पाकिटं आणि अटक दोन्ही गेली. डेम्प्सीचा किस्सा तिला इतका आवडला की सुरुवात आता २००० सालच्या त्याच मतदानापासून केली आहे. टाळ्यांचं उत्तर दोन मिनिटांत बसतंय, मी घड्याळ लावून चार वेळा ऐकलं.

रामकुंड, 'लाच घ्यायचं मान्य केलं' आणि 'लाच घेतली' यातला फरक तिने स्वतः विचारला. भाषणात आता 'मान्य केलं' असंच आहे. बरोबर ना?

दाजी दुसऱ्या पाळीवरून अकराला आले, तेव्हा ती आरशासमोर म्हणत होती. डबा ठेवून दारातच उभे राहिले. संपल्यावर त्यांनी वही मागितली आणि 'एक मजूर' या शब्दांवर बोट ठेवलं. 'मजूर नव्हतो,' म्हणाले, 'फिटर होतो. फिटर लिही.' तिने खोडून लिहिलं. मग नाव घालू का, असं तिने विचारलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, हात धुवायला गेले.

शनिवारी सकाळी दहाला आहे. तोवर कुणाला आणखी काही चूक दिसली तर इथेच लिहा, मी बघत राहीन.