थोटकं हा कापूस नाही

लोक सिगारेटची थोटकं कुठेही टाकतात, त्यावर दंड वाढवला की सगळं सुटेल असं काहीजण म्हणतात, मला नाही पटत. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड २००३ च्या कायद्यात आहेच, गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी पुड्या मिळतातच ना.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप महिन्यातून एका रविवारी सिंहगडावर कचरा वेचायला जातो, बाटल्या-रॅपर पटकन उचलता येतात हो, पण थोटकं म्हणजे नुसता वैताग, दगडांच्या सांदीत, गवताच्या मुळाशी अशी रुतून बसलेली असतात की काडीने उकरावी लागतात, आणि लोकांना वाटतं कापूसच तर आहे, कुजून जाईल. अहो कापूस नाहीच तो, सेल्युलोज अ‍ॅसिटेट, म्हणजे प्लास्टिकच, वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं आणि पावसात त्यातलं निकोटीन पाण्यात उतरतं.

मागे नववीतला एक मुलगा आला होता, त्याने एक लिटरच्या बाटलीत थोटकं भरली, दुपारपर्यंत गळ्याशी आली, झाकण उघडलं तर वासाने डोकं उठलं. ती बाटली तो घरी घेऊन गेला, वडिलांना दाखवायला, कारण ते ओढतात. पोराने समोर ठेवलेली बाटली पावती फाडण्यापेक्षा जास्त लागते, असं मला मनापासून वाटतं.

कोणाला यायचं असेल तर हातमोजे आणि स्वयंपाकघरातला जुना चिमटा आणा, सांदीतलं काढायला बरा पडतो.