शब्दचर्चा: 'रात्रंदिवस मनन', पण मनाने की तोंडाने?

उंबरठा:
आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिलांसाठी ईस्टरआधीच्या उपवासकाळाची छोटी पुस्तिका करते आहे. रोज एक पान: चार-पाच ओळींचं बायबलमधलं वचन, शेवटी प्रार्थना. मधल्या भागाला मी बिनदिक्कत 'मनन' असं शीर्षक दिलं. परवा कच्ची प्रत वाचून दाखवली, तर सत्तरीच्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, वचन वाचायचं कळलं, प्रार्थना करायची कळली. मधे मनन म्हणून नक्की करू काय? डोळे मिटून बसू?" मला उत्तर देता येईना. मनन, चिंतन, ध्यान यांत इथे कोणता शब्द बसेल?

शाईची दौत:
मननाची जागा आपल्याकडे जुनी आहे: श्रवण, मनन, निदिध्यासन (तेच सतत मनात मुरवणं). ऐकलेलं बुद्धीने घासूनपुसून पक्कं करायचं, शंका फेडायच्या, ते मनन. चिंतन त्यापेक्षा सैल. ध्यानात चित्त एका ठिकाणी लावायचं असतं, आणि मराठीत ते रूपच ध्यान होऊन बसलं. तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान' विटेवर उभं आहे. 'काय ध्यान आलंय' हेही मराठीच, तेव्हा पुस्तिकेत जपून. माझं मत मननाला.

रानपाखरू:
मावशींचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. बायबलच्या स्तोत्र १:२ मध्ये 'रात्रंदिवस मनन' आहे, तिथे मूळ हिब्रू क्रियापद 'हागा'. त्याचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणं, घशातल्या घशात गुरगुरणं. यशया ३१:४ मध्ये शिकार पकडलेला सिंह जे करतो ते हागा. यशया ३८:१४ मध्ये आजारातून उठलेला हिज्कीया राजा म्हणतो, मी पारव्यासारखा घुमत होतो, तेही हागा. लॅटिन अनुवादात तर पहिल्या स्तोत्रातल्या भाविकासाठी आणि या पारव्यासाठी एकच क्रियापद आहे, 'मेदितारी'. इंग्रजीतलं मेडिटेशन त्यातूनच आलं. म्हणजे लॅटिनमध्ये पारवासुद्धा मेडिटेशन करतो!

यहोशवा १:८ पाहा. हे नियमशास्त्र तुझ्या मुखातून जाऊ नये, त्याचं रात्रंदिवस 'हागा' कर, अशी आज्ञा आहे. मुखातून म्हटलंय, मनातून नाही. आजच्या हिब्रूतही याच धातूतून 'हगिया' म्हणजे उच्चार आणि 'हागुत' म्हणजे वैचारिक चिंतन, असे दोन्ही शब्द आहेत. मराठीत आपण नेमकी तोंडाची बाजू गमावली.

आणि हे क्रियापद सोवळं नाही बरं का. लगेच दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीत राष्ट्रं देवाविरुद्ध जे व्यर्थ बेत करतात, त्यालाही हागाच आहे.

काळी माती:
मग 'घुमणे' घ्या की. पारवे घुमतात, आवाज घुमतो.

शाईची दौत:
आणि अंगात आलेलंही घुमतं. पान उघडल्या उघडल्या 'आता पाच मिनिटे घुमा' असं वाचून मंडळी काय करील याचा विचार करा.

काळी माती:
😂 शिवाय 'घुम्या' म्हणजे तोंडच न उघडणारा. बरं, 'घोकणे'?

शाईची दौत:
ते घोषाच्याच घरातलं, म्हणजे आवाज आहे. पण घोकंपट्टीने त्याचं वाटोळं केलं.

वसईचा वारा:
आमच्याकडे कॅथलिक घरांत हे वेगळं शिकवावं लागत नाही. संध्याकाळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलं की ओठ आपोआप हलतात, मणी सरकत जातात, आणि मधेच एखादं रहस्य, म्हणजे येशू-मरीयेच्या जीवनातला प्रसंग, डोळ्यांसमोर उभं राहतं.

पण मला आवडणारा शब्द 'रवंथ'. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुशियन (एकांतवासी संन्याशांच्या) मठाचे प्रमुख दुसरे गिगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतनमग्नता अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत चव लागते आणि चौथ्या पायरीवर नुसता गोडवा. मठांमध्ये या चावण्याला 'रुमिनातियो' म्हणत, म्हणजे शब्दशः रवंथ. शीर्षक म्हणून चालणार नाही हे मान्य, मराठीत जुनी भांडणं उगाळण्यालाही आपण रवंथच म्हणतो. पण मावशींना समजावायला गाय पुरेल. आधी भराभर खाते, मग सावलीला बसून तेच सावकाश चघळते.

शंकासुर:
एक हरकत. मत्तय ६:७ मध्ये प्रभू येशू प्रार्थनेतल्या निरर्थक बडबडीबद्दल बजावतो. तेच तेच पुटपुटायला सांगून तुम्ही त्याच खड्ड्यात चालला नाहीत का?

रानपाखरू:
रास्त. पण तिथे बोट फार बोलण्यावर आहे: पुष्कळ बोललं की देव ऐकेल, हा समज. इथे उलट, आपण नवीन काही बोलतच नाही. त्याचंच वचन तोंडात धरून ठेवतो. कुणाला ऐकवायचंही नाही. हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती तेव्हा नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. (१ शमुवेल १. तिथे हागा नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर शाईची दौत पकडतील.)

आणखी एक. पहिल्या स्तोत्रात हागाचं कर्म आहे नियमशास्त्र. स्तोत्र ६३:६ मध्ये अंथरुणावर पडलेला माणूस रात्रीच्या प्रहरी हागा करतो, पण तिथे ग्रंथाचं नावच नाही, 'तुझं' आहे. वचन पुटपुटता पुटपुटता 'तो' चा 'तू' झाला. उंबरठाताई, तुमच्या पुस्तिकेतली वचनापासून प्रार्थनेपर्यंतची वाट मला तरी तिथेच दिसते. मधल्या भागाचं काम एवढंच: वचनातलं सर्वनाम बदलणं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' चारदा म्हणून पाचव्यांदा 'तू माझा मेंढपाळ आहेस' असं तोंडून निघालं, की प्रार्थना सुरू झालीच.

उंबरठा:
हे मी तसंच्या तसं उचलणार आहे, चालेल ना? आणि लूक २:१९ मध्ये मरीयेने सगळं मनात ठेवून मनन केलं, तेही हेच का?

रानपाखरू:
खुशाल उचला. तिथे ग्रीक क्रियापद वेगळं, मूळ अर्थ 'एकत्र टाकणं'. मेंढपाळांनी सांगितलेलं आणि स्वतः अनुभवलेलं ती शेजारी शेजारी ठेवून बघते आहे. ते खरं मराठी मनन. शाईची दौत म्हणतात तसलं.

शाईची दौत:
आभार. आता माझी तक्रार व्याकरणाची. हल्ली प्रवचनांत 'या वचनावर मनन करू या' ऐकू येतं. मनन कशा'वर' करत नाहीत, कशा'चं' करतात. नामाचं चिंतन, देवाचं ध्यान, तसं वचनाचं मनन. हा 'वर' इंग्रजी 'ऑन'ने आणलेला. टेबलावर पुस्तक ठेवावं तसं आपण वचनावर मनन ठेवतो आणि उठून जातो.

काळी माती:
'विषयावर चिंतन' मात्र सगळेच म्हणतात हो.

शाईची दौत:
म्हणतात. विषयावर म्हणा. विषय काही बोलत नाही.

उंबरठा:
ठरलं. शीर्षक 'मनन'च ठेवते, पण खाली रोज एक ओळ: 'वचन तीनदा म्हणा, आपल्यालाच ऐकू येईल इतक्या आवाजात.' मावशींना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे दळताना म्हणायचो तसं? मग आधी सांगायचं ना."

वसईचा वारा:
त्यांना फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाबद्दलही सांगा, बायबलची कथा सांगणारं ते मराठी काव्य. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ओवीत लिहिलं म्हणजे तोंडाने म्हणायलाच.

शाईची दौत:
कच्ची प्रत पाहिली. पान ४ वर 'वचनावर मनन' राहिलंय, तेवढं बदला.