मदत हवी आहे: सांगली मार्केट यार्डातली जुनी नोकरी की कुपवाडची कंपनी?

टॅलीवाली:

नमस्कार मंडळी. इथं स्वतःचा धंदा करणारे बरेच आहेत आणि छोट्या मालकाकडं नोकरी केलेलेही बरेच आहेत, म्हणून विचारतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या एका अडत दुकानात हिशेब बघते. बी.कॉम. झाल्यावर लागले, त्याला आता नऊ वर्षं होतील. दुकानात शेठ, त्यांचा मुलगा, एक जुने दिवाणजी, मी, वरकामाची दोन पोरं आणि ड्रायव्हर. हमाल वेगळे, ते टोळीचे. नावाला मी अकाउंटंट. प्रत्यक्षात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), ई-वे बिलं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), सी.ए.कडं जीएसटीचे कागद, आणि गेली काही वर्षं परपेठेतल्या, म्हणजे बाहेरगावच्या बाजारातल्या, खरेदीदारांकडची वसुलीसुद्धा.

पगार १८,५००. त्यातले १२,००० बँकेत, बाकी पाकिटात. दिवाळीला एक पगार बोनस आणि घरच्यासाठी बेदाणा. पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही. नेमणुकीचं पत्र मी कधी मागितलं नाही आणि कुणी दिलं नाही.

आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीची ऑफर आहे, अकाउंट्स असिस्टंट, २६,००० सीटीसी (म्हणजे कंपनीला महिन्याला माझ्यामागं पडणारा एकूण खर्च). राहायला मी माधवनगरला, त्यामुळं कंपनी यार्डापेक्षा जवळच पडते. महिनाअखेरीला कळवायचंय.

एवढंच असतं तर विचारायची गरज नव्हती. अडचण अशी आहे की मला हे काम आवडतं.

हळदीच्या सीझनला दुकानासमोर पोती लागतात, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात, बोली होते. कुठली राजापुरी हळद कितीला जाईल याचा माझा अंदाज शेठच्या मुलापेक्षा बरा असतो, हे तोच म्हणतो. कर्नाटकातनं माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना मराठी पट्टी वाचता येत नाही, म्हणून मी मोडकंतोडकं कन्नड शिकले. गेल्या सीझनला चिक्कोडीकडचे एक आजोबा पट्टी हातात धरून नुसते बसून राहिले होते. रक्कम कमी वाटत होती, पण बोलायचं कसं ते कळत नव्हतं. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात दिला आणि वजन, दर, हमाली, तोलाई एकेक आकडा त्यांच्याकडनंच दाबून घेतला. बेरीज जुळली. तरी त्यांनी कॅल्क्युलेटर परत द्यायच्या आधी सगळं पुन्हा एकदा करून बघितलं. यंदा आले ते थेट माझ्या टेबलाशी. असलं काम कंपनीत कुठलं मिळणार?

शेठ माणूस म्हणून वाईट नाहीत. २०१९ च्या पुरात सांगली बुडाली, दुकान बंद होतं, तरी त्या महिन्याचा पगार पुरता दिला. माझ्या मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता ४०,००० हातात ठेवले, परत घेताना व्याजाचं नावसुद्धा काढलं नाही. पण पगाराचा विषय काढला की, "अगं, तू घरचीच आहेस, तुला काय कमी पडू देतोय का?" यावर काय बोलायचं ते मला आजवर सुचलेलं नाही. चहा येतो आणि विषय संपतो.

मार्चमध्ये घरकर्जासाठी बँकेत गेलो. ह्यांचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, त्यामुळं भिस्त माझ्या पगारावर होती. बँकेनं माझं उत्पन्न १२,००० धरलं. पाकिटातल्या पैशाला तिथं काडीची किंमत नाही.

आणि आणखी एक बोचतं. हमालांच्या मजुरीवरची लेव्ही दर महिन्याला माथाडी मंडळात मीच भरते. त्यातनं त्यांना पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस मिळतो. मिळायलाच पाहिजे, पाठीवर पोती वाहतात ती माणसं. पण भरणा करताना मनात येतंच, माझं कुठंच काही जमा होत नाही.

तर, २६,००० सीटीसी म्हणजे हातात किती? राहायचं ठरवलं तर शेठकडं नेमकं काय मागू? आणि छोट्या दुकानातनं कंपनीत गेलेल्यांनी खरं खरं सांगा, करमतं का? 'मनाचा कौल घे' एवढा सल्ला सोडून काहीही चालेल.

पुण्यात_अडकलेला:

सोडा. नऊ वर्षांत १८,५०० म्हणजे थट्टा आहे. घरची म्हणायचं आणि घरगड्याचा पगार द्यायचा, ही यार्डाची जुनी रीत.

मिरजेचा_पगारवाला:

सोडा म्हणायला काय लागतंय, आधी आकडे बघू. ताई, ऑफर लेटरमध्ये बेसिक किती दिलंय? सीटीसीत कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलीय का?

टॅलीवाली:

बेसिक १५,०००. कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी ७२१ हे दोन्ही सीटीसीत धरलेत.

मिरजेचा_पगारवाला:

म्हणजे २६,००० तून हे दोन्ही काढले की राहिले २३,४७९. त्यातनं तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला जाईल. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही, तो वाचला. हातात साधारण २१,६७९.

आता दुकानाचं बघा. १८,५०० आणि दिवाळीचा एक पगार बारा महिन्यांवर पसरला तर २०,०४२. म्हणजे हातातला फरक महिना सोळाशेच्या आसपास. ऑफर वाचताना साडेसात हजारांचा वाटतो, तेवढा नाही. कंपनीचा बोनस सीटीसीच्या आत आहे की वेगळा, हे आजच विचारा, त्यावर हा फरक बराच हलेल. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं का तेही विचारा. झालं तर पगारातनं ०.७५ टक्के जातील, पण घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते.

खरा फरक पीएफचा. तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८००, असे ३,६०० महिन्याला जमा. त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, बाकी २,३५० वर व्याज. ग्रॅच्युइटीचे ७२१ मात्र आज हिशेबात धरू नका. कायम नोकरीत पाच वर्षं काढली तरच ते तुमचे.

सध्याच्या दुकानाचं म्हणाल तर पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी कायद्यानं शेठना धरता येणार नाही. ग्रॅच्युइटीला १० माणसं लागतात, पीएफला २०. २० पेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुतेक कामगार राजी असतील तर पीएफ स्वखुशीनं लावता येतो. बहुतेक मालकांना हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असूनही नसतं.

हमालांचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. पण १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांनी आणि हमालांनी भांडून मिळवलाय. दिवाणजी लोकांची तशी संघटना मी तरी बघितलेली नाही. गादीवर बसणाऱ्याला आपण कामगार आहोत असं वाटतच नाही.

टॅलीवाली:

शेवटचं वाक्य लागलं हो. आमचे दिवाणजी सत्तरीला आलेत, शेठच्या वडलांच्या वेळेपासून आहेत. त्यांना पीएफ म्हटलं तर हसतील. वरकामाची पोरं तर पगारातनं रुपया कापायला राजी होणार नाहीत. म्हणजे तो रस्ता बंद.

कृष्णाकाठ:

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो. मी सांगलीतच औषधांच्या एका एजन्सीत होतो, तिथनं कंपनीत गेलो. पहिलं वर्ष फार जड गेलं. एजन्सीत कुठला डॉक्टर काय लिहितो, कुठलं दुकान उधारी बुडवणार, सगळं माझ्या डोक्यात. मालक मला विचारल्याशिवाय मोठी ऑर्डर टाकत नसत. कंपनीत माझ्याकडं काय, तर जीएसटीच्या टू-बीची, म्हणजे पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदी बिलांच्या यादीची, जुळवणी. बिल आलं, जुळलं, टिक. नाही जुळलं, मेल. कंपनी नक्की काय बनवते ते मला सहा महिन्यांनी कळलं, तेही कँटीनमध्ये.

पण साडेपाचला गाडीला किक मारतो. रविवारी फोन नाही. आजारी पडलो तर रजा मांडायची, कुणाची मनधरणी नाही. ते जुनं काम मी अजून आठवतो, खोटं कशाला बोलू. परत जाशील का विचारलं तर, त्या पगारावर नाही.

तुम्हाला एक विचारतो. ते चिक्कोडीचे आजोबा, शेतकऱ्यांशी बोलणं, हे दिवसातलं किती? आणि वसुलीचे फोन किती?

टॅलीवाली:

चांगलं विचारलंत. सीझनला निम्मा दिवस माणसांत जातो. एरवी वसुलीच. आणि दिवाळीच्या आधी बेदाण्याचे सौदे बंद ठेवून शून्य पेमेंट करतात, म्हणजे यार्डातली सगळी येणी-देणी मिटवतात, तेव्हा तर रात्रीचे नऊ वाजतात. "पेमेंट लावलंय, उद्या दिसेल" हे वाक्य मी चार भाषांत ऐकलंय. पण खरं सांगू का, अडकलेलं पेमेंट सुटलं की त्यातही मजा येते.

लेथवाला:

मी मालकाच्या बाजूनं लिहितो, शिव्या नंतर द्या. मिरज एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. मोठ्या गिऱ्हाइकानं ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, येतात नव्वदीला. पगार मात्र ७ तारखेला द्यावाच लागतो. अशात जो दारात उभा राहून मागतो त्याचा पगार वाढतो, आणि जो गप गुमान काम करतो त्याचा राहून जातो. त्यात डावपेच नसतो, दुर्लक्ष असतं. परिणाम तोच म्हणा.

शेठ तुम्हाला टॅलीवाली समजून पगार देतात. टॅलीवाली त्यांना उद्या १५,००० ला मिळेल. वसुलीवाली मिळणार नाही. परपेठेतल्या कुठल्या पेढीला कधी, कुठल्या आवाजात फोन करायचा, हे शिकायला नव्या माणसाला दोन-तीन वर्षं लागतील, आणि तोवर शेठचे पैसे बाहेर फिरत राहतील. म्हणून 'पगार वाढवा' म्हणू नका. वसुलीत वाटा मागा. शेकडा पाच पैसे म्हणा. कोटीला ५,००० झाले. अडत दुकानात कोटी म्हणजे काय, ते तुम्ही मला सांगायचं. मालकाला पगारवाढ खर्चासारखी दिसते, हे तसं दिसणार नाही, कारण पैसे आल्यावरच त्यातनं द्यायचे आहेत.

पुण्यात_अडकलेला:

आणि एखादी पेढी बुडाली तर? वाटा गेला, वर ठपका ताईंवर.

लेथवाला:

म्हणून तर मूळ पगार सोडायचा नाही. वाटा वरचा. आणि उधारी कुणाला द्यायची हे शेठ ठरवतात, तेव्हा बुडीताचा बोजा त्यांचा, हे आधीच बोलून घ्यायचं. मुदतीत आलेल्या वसुलीवरच वाटा, असं ठेवलं तर भांडणाला जागा राहत नाही.

मिरजेचा_पगारवाला:

लेथवाल्यांची सूचना बरी आहे, पण माझ्या मते पहिली मागणी वेगळी. पाकिटातले ६,५०० आधी बँकेत आणायचे. यात शेठच्या खिशातनं जादा रुपया जात नाही, 'परवडत नाही' म्हणायची सोय नाही. सोबत नेमणुकीचं पत्र, जुन्या रुजू तारखेसकट, आणि महिन्याची स्लिप. पुढच्या वर्षी बँकेत गेलात तर १२,००० चे १८,५०० दिसतील. कंपनीत जायचं ठरलं तरी नऊ वर्षांच्या अनुभवाचा कागद हाताशी असेल. आज तुमच्याकडं यातलं काहीच नाही, आणि मला पगारापेक्षा हे जास्त धोक्याचं वाटतं. दुकान उद्या मुलाच्या हातात गेलं आणि त्याचं तुमचं पटलं नाही, तर नऊ वर्षं तुम्ही कुठं होतात हे दाखवणार कसं?

पीएफ होणार नाही, तर त्याच्याऐवजी १,८०० पगारात वाढवून मागा आणि पीपीएफ किंवा एनपीएसमध्ये स्वतः टाका. पहिल्या तारखेलाच टाका, महिनाअखेरीला काही उरत नसतं.

कृष्णाकाठ:

आणि ऑफर लेटर शेठच्या तोंडावर नाचवू नका. 'कुपवाडला बोलावलंय' एवढं एक वाक्य पुरे. यार्डात बातमी तुमच्या आधी पोचलेली असणार.

टॅलीवाली:

पोचलीय! काल ड्रायव्हरच विचारत होता, "मॅडम, कंपनीची गाडी न्यायला येणार काय?"

सगळ्यांचे आभार. साडेसात हजारांच्या मागं धावत होते, ते सोळाशेच आहेत हे कळलं तेव्हा जरा हसूच आलं. आता असं ठरवतेय: सगळा पगार बँकेत, पत्र आणि स्लिप, १,८०० वाढ, आणि मुदतीतल्या वसुलीवर शेकडा पाच पैसे. पहिल्या दोन गोष्टींना नाही म्हणाले तर पुढचं बोलायचंच नाही, कुपवाडला हो कळवायचं. वाट्यावर घासाघीस झाली तर चालेल, तीन पैशांपर्यंत उतरेन. हे बोलणं दिवाणजींच्या समोर करावं का एकटीनं? ते माझ्या बाजूनं बोलतील असं वाटतं, पण खात्री नाही.

लेथवाला:

एकटीनं. दुसऱ्यासमोर मालक हो म्हणत नसतो, त्याला बाकीच्यांचे पगार दिसायला लागतात. मुलगा असला तर चालेल, तुमची किंमत त्याला जास्त ठाऊक आहे. आणि आकडे एका कागदावर लिहून न्या, म्हणजे चहा आला तरी विषय टेबलावर राहील.

मिरजेचा_पगारवाला:

गेल्या वर्षाची मुदतीतली वसुली टॅलीतनं काढून त्याच कागदावर वर लिहा. तुम्हाला पाच मिनिटांचं काम.

टॅलीवाली:

तेच काढत बसलेय. सध्या पितृपक्ष आहे, या दिवसांत शेठ नवीन व्यवहाराचं बोलणं काढू देत नाहीत. सर्वपित्री झाली की घटस्थापनेला सकाळी पूजेनंतर विचारते, मुलगाही असेल. महिनाअखेर त्याच्यानंतरच आहे, वेळ पुरेल. बोनसचा मेल कंपनीला टाकलाय, उत्तर आलं की इथं लिहिते.